बोटांचा नकाशा: हार्प वाजवताना येणारे फोड आणि घट्टे

माझ्या सरावाच्या वहीची शेवटची पानं उघडली तर तिथे स्वर नाहीत, हात आहेत. पंजा कागदावर पसरून भोवती पेन्सिल फिरवून काढलेले, लहान मुलं काढतात तसे. प्रत्येक हातावर, फोड आला त्या जागी, लाल पेनाचे ठिपके आणि शेजारी बारीक अक्षरात नोंद. "उजवा अंगठा, बाहेरच्या कडेला, ग्लिसांडो." (ग्लिसांडो म्हणजे एका दमात तारांवरून बोट सरकवत नेणं.) "डावी अनामिका, अगदी टोकाला, जाड तारा." एका ठिकाणी लिहिलंय, "मधलं बोट, काही कारण नाही." त्याखाली दुसऱ्या दिवशीच्या शाईत, "खोटं. कारण आहे."

ही वही मी 11 वर्षांपूर्वी सुरू केली. वयाच्या 39 व्या वर्षी हार्प, म्हणजे बोटांनी छेडायचं उभ्या तारांचं वाद्य, शिकायला घेतला. पहिल्या वर्षात असा एकही आठवडा गेला नाही की पानावर नवा ठिपका पडला नाही. गेल्या दोन वर्षांत मिळून चार पडलेत. मधल्या काळात माझी कातडी गेंड्याची झाली असं अजिबात नाही. माझा हात हातात घेतलात तर मी हार्प वाजवते हे तुम्हाला कळणारही नाही. बदललं ते काहीतरी दुसरंच, आणि तेच सांगायला बसले आहे.

एक खुलासा आधी. पॅराग्वेचा हार्प नखांनी वाजवतात, आणि आयर्लंड-स्कॉटलंडच्या धातूच्या तारांच्या जुन्या हार्पवरही नखंच चालायची. त्यांची दुखणी वेगळी. मी बोलतेय ते नायलॉनच्या आणि प्राण्यांच्या आतड्याच्या तारांच्या लिव्हर हार्पबद्दल (यात तारेचा स्वर हाताने छोटी खिट्टी, म्हणजे लिव्हर, फिरवून बदलतात) आणि पेडल हार्पबद्दल (यात तेच काम पायांनी होतं), जिथे तार आणि बोटाची मऊ गादी यांच्यामध्ये काहीही नसतं. करंगळी वाजवत नाही, म्हणजे दोन्ही हातांची मिळून आठ बोटं. सोसायचं ते या आठांनाच.

आत काय होतं

फोड वरून घासल्यामुळे येतो असं वाटतं. तसं असतं तर खरचटलं असतं. खरी गोष्ट अशी, की तार वरच्या कातडीला पकडून एका बाजूला ओढते आणि आतलं हाड, मांस दुसऱ्या बाजूला जातं. ही ओढाताण पुन्हापुन्हा झाली की कातडीच्या थरांमध्येच फट पडते आणि त्या फटीत पाणी भरतं. तळहाताची आणि बोटांच्या टोकाची कातडी जाड असते आणि खाली घट्ट बांधलेली असते, म्हणून ती सुटून फाटत नाही, फुगते.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, ओलसर कातडी तारेला जास्त चिकटते. अगदी कोरडं बोट सरकतं, पाण्याने निथळणारंही सरकतं, पण घामेजलेलं, किंचित दमट बोट सगळ्यात वाईट. म्हणून अंघोळ, भांडी, पोहणं यानंतर अर्धा-पाऊण तास हार्पला हात लावू नका. मला हे कळायला पाच महिने लागले. मी रोज रात्री भांडी घासून, हात पुसून थेट सरावाला बसायचे आणि मग नशिबाला बोल लावायचे.

दुसरी, फोड येण्याआधी सूचना देतो. बोट गरम लागतं. दुखत नाही, झोंबतही नाही, नुसती एक छोटी ऊब, जणू कोणी त्या जागेवर दिव्याचा उजेड धरलाय. बघितलं तर तिथली कातडी गुलाबी आणि जरा चकचकीत दिसते. ही ऊब जाणवली की त्या बोटाचं त्या दिवसाचं काम संपलं. "एवढी ओळ पूर्ण करते आणि थांबते" असं म्हणून मी आजवर जितक्या ओळी पूर्ण केल्या, त्यातल्या बहुतेकींच्या शेवटी फोडच होता.

ठिपका कुठे पडलाय?

नवशिक्यांचा ठरलेला प्रश्न असतो: घट्टे कधी येणार? मीही माझ्या बाईंना पहिल्या महिन्यात दर तासाला तेच विचारायचे. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "अगं, घट्टे येतील तेव्हा येतील. आधी मला दाखव, फोड कुठे आलाय." मी बोट पुढे केलं. त्यांनी नुसतं बघून सांगितलं, की तू तार ओढतेस, सोडत नाहीस. मी वाजवताना त्यांनी पाहिलंही नव्हतं त्या दिवशी. वही त्याच संध्याकाळी सुरू झाली.

तर आधी बरोबर जागा कोणती ते बघू. अंगठा वर, बाकीची तीन बोटं खाली झुकलेली. तर्जनी, मधलं बोट, अनामिका यांवर तार लागते ती गादीच्या साधारण मध्यावर, किंचित अंगठ्याच्या बाजूला. अंगठ्याची तार त्याच्या कडेला लागते, टोकाजवळ. वाजवल्यावर बोट तळहातात मिटतं, अंगठा तर्जनीवर येऊन टेकतो. शाळा वेगवेगळ्या आहेत, सालसेदो या हार्पवादकाच्या पद्धतीत कोपर आणि मनगट जसं धरतात तसं फ्रेंच पद्धतीत धरत नाहीत, पण बोट मिटायचं यावर फारसं भांडण नाही. या जागांवर सुरुवातीच्या आठवड्यांत थोडा लालपणा, थोडी हुळहुळ येणारच. ती येऊ द्या. दुसरीकडे कुठे फोड आला तर तो काहीतरी सांगतोय.

फोड नखाच्या जवळ, अगदी टोकाला असेल तर बोट तारेवर पुरेसं बसत नाहीये. तुम्ही तारेला आकडा लावल्यासारखं टोकाने उचलताय. माझ्या अनामिकेचं हे जुनं दुखणं. ती बिचारी आखूड आणि दुबळी, तिला तारेपर्यंत पोहोचायला मी हात पुढे न्यायच्या ऐवजी तिलाच ताणायचे. उपाय बोटात नव्हता, कोपरात होता. कोपर जरा वर आणि पुढे घेतलं की अनामिका आपोआप तारेवर गादीनिशी बसते.

उलट फोड पेराच्या रेघेकडे, खोलवर आला असेल तर तार बोटात फार आत शिरलीय. भीतीने असं होतं. तार निसटेल म्हणून आपण ती मुठीत धरल्यासारखी पकडतो. अशा वेळी आवाजही बसका येतो, म्हणजे कानालाही पुरावा मिळतो.

अंगठ्याचा फोड टोकापासून लांब, सांध्याच्या बाजूला असेल तर अंगठा खाली पडतोय. तो उभा ठेवा. हे सांगायला सोपं आहे. माझा अंगठा उभा राहायला दीड वर्ष लागलं, आणि अजूनही थकले की तो बसून घेतो.

एकाच हाताच्या सगळ्या बोटांना एकदम फोड आले तर तंत्राकडे नको, घड्याळाकडे बघा. तुम्ही जास्त वेळ वाजवलंय, एवढंच.

आणि मधलं बोट, "काही कारण नाही"? त्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी सापडलं. मी रोज सरावाला बसल्यावर पहिली दहा मिनिटं हार्प सुरात लावायचे, आणि तार तपासताना दर वेळी एकाच बोटाने, एकाच जागी, जोरात छेडायचे. 34 तारा, प्रत्येकी पाच-सहा वेळा. सराव सुरू होण्याआधीच त्या बोटाचा दीडशे-दोनशे वेळा वापर झालेला असायचा. आता सूर लावताना बोटं बदलते आणि हलक्या हाताने छेडते. ट्यूनरला तेवढा आवाज पुरतो.

ग्लिसांडोबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण माझ्या वहीतले निम्मे ठिपके त्याचे आहेत. चढताना, म्हणजे स्वतःकडे येताना, तर्जनी सगळ्या तारांवरून ओढली जाते. उतरताना अंगठा ढकलला जातो. एका फेरीत वीस-तीस तारा त्याच एका चिमूटभर जागेवरून जातात. ऐकणाऱ्याला लाट दिसते, बोटाला किसणी. ग्लिसांडो दाबून वाजवायचा नसतो, हात खांद्यापासून हलवायचा आणि बोट नुसतं बरोबर न्यायचं. सराव करताना मी मधला प्रवास गाळते: सुरुवातीची तार वाजवायची, मनात मात्रा मोजत हात हवेतून न्यायचा, शेवटची तार वाजवायची. कठीण असतं ते वेळेवर पोहोचणंच, आणि ते असंच पक्कं होतं. पूर्ण ग्लिसांडो दिवसाला दहा, त्याहून एकही जास्त नाही. दहा झाले की पेन्सिलीने फुली मारते, नाहीतर मी स्वतःला फसवते.

फोड आलाच तर

लहान असेल, दुखत नसेल, तर फोडू नका. वरची कातडी हीच सगळ्यात चांगली पट्टी असते. ती शाबूत राहिली तर खाली लगेच काम सुरू होतं: एका दिवसात खालच्या पेशी जोमाने वाढायला लागतात, साधारण 120 तासांत, म्हणजे पाचव्या दिवशी, नवा वरचा थर तयार होतो आणि पाणी आपोआप शोषलं जातं. या पाच दिवसांत दिवसा पट्टी बांधा, म्हणजे ती जागा कुठे अडकणार नाही. रात्री हवा लागू द्या.

मोठा, टणक फुगलेला आणि ठणकणारा असेल तर पाणी काढावं लागतं. हात साबणाने धुवा. फोडही धुवा. सुई स्पिरिटने नीट पुसून घ्या. फोडाच्या मध्यावर टोचू नका, कडेला टोचा, एक-दोन ठिकाणी, आणि हलकेच दाबून पाणी बाहेर येऊ द्या. कातडी कापायची नाही, सोलायची तर मुळीच नाही. तिच्यावर थोडी पेट्रोलियम जेली, वर न चिकटणारी पट्टी. रोज बदला. पाणी पुन्हा भरलं तर पुन्हा काढता येतं.

कातडी निघूनच गेली असेल, खालचा लाल ओला भाग उघडा पडला असेल, तर पाण्याने धुऊन हायड्रोकोलॉइडची पट्टी लावा, ती जेलीसारखी मऊ असते तीच. ती दोन-चार दिवस तशीच ठेवायची असते. रोज उचकटून बघायचा मोह आवरा. ती ओढून काढताना नवी कातडीही तिच्याबरोबर येते. आणि कातडी शाबूत असलेल्या फोडावर ही पट्टी मी लावत नाही, याच कारणासाठी.

रक्ताचा फोड वेगळा. तो बहुतेक वेळा वाजवून येत नाही, चिमटा बसून येतो. माझा एकदा लिव्हरमध्ये बोट सापडून आला होता. तो फोडायचा नाही, आपोआप काळा होऊन वाळू द्यायचा.

लाली पसरत चालली, जागा गरम आणि सुजलेली राहिली, पिवळा-हिरवा पू दिसला, हातावर वर सरकणारी लाल रेघ दिसली, ताप आला, तर डॉक्टरकडे जा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. ज्यांना मधुमेह आहे, हातापायांचं रक्ताभिसरण मंद आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, त्यांनी सुईचा प्रयोग घरी करूच नये.

वाजवता येत नाही तेव्हा

फोडावर पट्टी बांधून वाजवता येतं का? येतं, पण मजा नाही. कापडी पट्टीने आवाज उशीतून आल्यासारखा होतो, बोटाला तार कळत नाही आणि गोंद तारेवर चिकटून राहतो. स्वर पाठ करायचे असतील तर दहा मिनिटं ठीक. त्यानंतर तारा सुक्या मऊ कापडाने पुसा.

मी पट्टी बांधण्याऐवजी काम बदलते. पेडल हार्प असेल तर नुसत्या पायांचा सराव करता येतो. सात पेडल, प्रत्येकाच्या तीन जागा, हात मांडीवर, आणि पूर्ण रचना मनात वाजवत फक्त पाय हलवायचे. पहिल्यांदा केलं तेव्हा लक्षात आलं, की जी चूक मी बोटांची समजत होते ती डाव्या पायाची होती. लिव्हर हार्पवर असाच लिव्हर बदलायचा सराव होतो. दुसऱ्या हाताला एरवी मिळत नाही तेवढा वेळ मिळतो. बोटांचे आकडे लिहायचे राहिलेले असतात, ते होतात.

एक मात्र करू नका. दुखरी जागा चुकवायला त्याच बोटाची दुसरी बाजू तारेवर लावू नका. एका आठवड्यात तिथे दुसरा फोड येतो, ते एक. पण त्याहून वाईट म्हणजे हाताला ती तिरकी सवय लागते आणि फोड बरा झाला तरी ती जात नाही. बोट वगळायचं असेल तर सरळ वगळा, चारच्या जागी तीन बोटांची रचना लिहा.

आता गोंदाची गोष्ट. एका कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी माझ्या उजव्या अंगठ्याचा फोड फुटला. बरोबर वाजवणाऱ्या एकीने सांगितलं, की कातडी झटपट चिकटवणाऱ्या गोंदाने चिकटवून टाक, सगळे तेच करतात. सगळे करतात हे खरं आहे, तारवाद्यं वाजवणाऱ्यांत हा उपाय जुना आहे. मी घरातली गोंदाची नळी घेतली, अंगठ्यावर थेंब टाकला. जास्त पडला म्हणून कापसाचा बोळा घेऊन टिपला. कापसाला हा गोंद लागला की तो झपाट्याने सुकतो आणि सुकताना तापतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बोळ्यातून बारीक धूर निघाला. मी घाबरून बोळा तर्जनीने ओढला. मग अंगठा, तर्जनी आणि अर्धवट जळका कापूस असा एकच अवयव घेऊन मी पाऊण तास साबणाच्या कोमट पाण्यात हात बुडवून बसले होते. सुटले तेव्हा फोडाची वरची कातडी गोंदाबरोबर गेली होती. कार्यक्रमात माझा भाग दुसऱ्याच कुणीतरी वाजवला.

जखमेसाठी म्हणून तयार केलेली पातळ द्रवपट्टी मिळते, ती वाळून पारदर्शक पापुद्रा होते. बंद, कोरड्या, भेगाळलेल्या जागेवर ती चालते. उघड्या ओल्या फोडावर तीही नको. घरगुती गोंद तर अजिबातच नको.

घट्टे: किती, कुठे, कसे

आता बाईंना विचारलेला प्रश्न. रोज थोडं वाजवलं तर तीन-चार आठवड्यांत बोटं बदललेली जाणवतात. वरची कातडी अशीही महिन्याभरात नवी होतच असते. आपण तिला दर दिवशी आठवण करून द्यायची, की या जागी जरा जाड ये. आठवण रोज करून द्यावी लागते. रविवारी तीन तास आणि मधले सहा दिवस काही नाही, असं केलं तर दर रविवारी फोड येतो आणि घट्टा कधीच येत नाही.

माझं पहिल्या महिन्याचं वेळापत्रक असं होतं, बाईंनी घालून दिलेलं. पहिला आठवडा दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं, मध्ये निदान दोन तास. नंतर दर आठवड्याला प्रत्येक बैठकीत पाच मिनिटं वाढवायची. चौथ्या आठवड्यात 25 मिनिटांच्या तीन बैठका होतात, म्हणजे सव्वा तास, आणि नवशिक्याला तेवढा पुरे. घड्याळ लावून ठेवायचं आणि वाजलं की मध्येच थांबायचं, ओळ अर्धी असली तरी. ऊब जाणवली तर घड्याळाच्या आधी.

चांगला घट्टा दिसत नाही, जाणवतो. बोटावर अंगठा फिरवला तर ती जागा बाजूच्या कातडीपेक्षा गुळगुळीत आणि जराशी घट्ट लागते, पण दाबली तर दबते. पिवळट, उंच, कडक टेकडी झाली असेल तर ती कामाची नाही. तिच्यामुळे आवाजात खटका येतो, तार सुटताना टकटक ऐकू येते. तिची कड तारेत अडकते. आणि सगळ्यात वाईट, तिच्याखाली फोड येतो. एका डिसेंबरात माझ्या तर्जनीला तो आला होता. वरून काही दिसत नाही, आत ठणका, आणि इतक्या जाड थरातून सुईने पाणी काढणं जवळजवळ अशक्य. पंधरा दिवस गेले. गिर्यारोहण करणाऱ्या एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, आमच्यात म्हणूनच सगळ्यांच्या पिशवीत घासायची पट्टी असते.

तेव्हापासून माझ्याही हार्पच्या पिशवीत बारीक दाण्याची नखं घासायची पट्टी असते. आठवड्यातून एकदा, हात कोरडे असताना, घट्ट्याच्या फक्त कडा घासून बाजूच्या कातडीशी सपाट करते. माथ्याला हात लावत नाही, अगदी उंच झाला असेल तर दोन-चार फटके. ब्लेड, कात्री, दात, यातलं काही नाही. दात हे मी मुद्दाम लिहिलंय.

घट्टे कोरडे पडले की चिरतात, आणि चीर फोडापेक्षा हट्टी असते कारण प्रत्येक स्वराला ती पुन्हा उघडते. रात्री झोपताना हाताला साधं मलम लावा. युरिया असलेलं चालतं, दहा टक्क्यांच्या आसपासचं. वीस-चाळीस टक्क्यांचं मात्र कातडी विरघळवायला असतं, ते नको. पायाच्या कुरुपासाठी मिळणाऱ्या सॅलिसिलिक आम्लाच्या पट्ट्या तर बोटांपासून लांबच ठेवा. महिनाभराची कमाई एका रात्रीत मऊ पडते. मलम सरावाच्या आधी लावू नका. बोट निसटतं, तेल आतड्याच्या तारेत मुरतं आणि कातडी परत मऊ होते. बोटं स्पिरिटमध्ये बुडवून कडक करायचा उपाय मी दोन आठवडे केला. कडक झाली, चिरलीही.

नखं आखूड, बोटाच्या टोकाच्या आत. लांब नख तारेला लागून खरखरतं, आणि ते टाळायला आपण नकळत बोट आडवं धरतो. म्हणजे पुन्हा ठिपका, भलत्या जागी.

तारांचाही दोष असतो

स्वतःला दोष देऊन झाला असेल तर तारांवरून सुकं बोट हलकेच फिरवा. आतड्याची तार जुनी झाली की तिला तंतू सुटतात, कुसळासारखे. ते कातडी ओरबाडतात. अशी तार बदला, तंतू कापून आणखी महिनाभर ढकलायचा कंजूषपणा मी केलाय आणि ती तुटलीही सरावाच्या मध्येच. खालच्या धातूच्या तारा, मोठ्या 47 तारांच्या हार्पवर साधारण शेवटच्या अकरा-बारा, काळवंडतात आणि खडबडीत होतात. बोटं काळी होत असतील तर त्यांची वेळ झालीय. या तारांवर डावी अनामिका आणि मधलं बोट सगळ्यात जास्त सोसतं, त्यामुळे जाड तारांची रचना असेल तर ती बैठकीच्या सुरुवातीला घ्या, बोटं ताजी असताना.

लिव्हर हार्पवरून पेडल हार्पवर जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तिथे तारांचा ताण जास्त असतो. चार वर्षांचे घट्टे घेऊन मी मोठ्या ऐटीत गेले होते. तिसऱ्या दिवशी वहीत तीन ठिपके. पुन्हा दहा मिनिटांपासून सुरुवात केली, पण या वेळी महिन्याऐवजी दोन आठवड्यांत जमलं.

खंड पडला की

आजारपण, प्रवास, परीक्षा, कशानेही खंड पडतो. आठवडाभराचा असेल तर पहिले दोन दिवस नेहमीच्या निम्मा वेळ वाजवते. महिन्याचा असेल तर घट्टे गेलेच असं समजते, मग ते बोटाला लागत असले तरी. वरून जाडी दिसते पण ती सुटायला आलेली असते, सालासारखी. तिच्या कडा घासून टाकते आणि वेळापत्रक पहिल्या आठवड्यापासून. कार्यक्रम असेल तर त्याच्या आधीचे तीन आठवडे खंड पडू देत नाही, आणि आदल्या दिवशी वीस मिनिटांच्या वर वाजवत नाही. आदल्या दिवशी जे येत नाही ते रात्रभर वाजवूनही येत नाही, पण फोड मात्र हमखास येतो.

परवा बऱ्याच महिन्यांनी नवा ठिपका पडला. डावी तर्जनी, आतल्या बाजूला, जिथे आजवर कधीच नव्हता. वहीत जागा आखली, तारीख घातली आणि बोटाकडे बघत बसले. कोपर ठीक, अंगठा ठीक, तारा नव्या. मग आठवलं, मागच्या आठवड्यात मी खुर्ची बदललीय. नवी जुनीपेक्षा दोन बोटं उंच आहे. उद्या जुनी परत आणून बघते.